क्लिफर्डच्या हातात काय असतं?

वसई, ४ नोव्हेंबर

प्रिय ब्रिटनी,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी नेहमी 'बरं आहे सगळं' म्हणते आणि ठेवून देते. म्हणून लिहायला बसले आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही. गणिताच्या टीचरकडून सुंदर काही येईल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. शेजाऱ्यांनी त्यांचं बावखल भरून टाकलं. आता तिथे पाण्याऐवजी डबर आहे आणि रात्रभर ओरडणारे बेडूकही गेले. आईचे गुडघे तसेच आहेत. ती गेले काही दिवस माझ्याशी 'जेवलीस का' एवढंच बोलते. त्याचं कारण पुढे येईल. तुझी आईही मध्यंतरी येऊन गेली. तेही शेवटी लिहिते, आधी लिहिलं तर बाकीचं तू नीट वाचणार नाहीस.

यंदा पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे. अर्ध्याहून जास्त मुलं विरारची, चंदनसारच्या नव्या इमारतींतली. आईवडील मुंबईला नोकरीला, पोरं शाळेच्या बसने येतात. बहुतेक हिंदू घरांतली आहेत, पण सकाळची प्रार्थना आपल्या गावातल्या मुलांपेक्षा तीच मोठ्याने म्हणतात. पहिल्या पंधरा दिवसांत सगळी तोंडपाठ. आमच्या बापा, मग संत जोसेफ, संत अँथनी, आमच्यासाठी विनंती करा, आणि मग 'क्लिफर्ड सर सुखरूप घरी यावेत म्हणून' एक नमो मरिये.

ही ओळ फादर युजीननी कधी सुरू केली ते तुला सांगायला नको. भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत क्लिफर्डची स्कूटर सापडली, त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी. तू तेव्हा इथेच होतीस, माझ्या शेजारी मैदानावर उभी होतीस. त्याने शिकवलेली सातवीची मुलं इतकी रडत होती की नमो मरिये पूर्ण झालंच नाही. फादरनी एकट्याने संपवलं. आठवडाभर म्हणू, असं ठरलं होतं. मग नाताळपर्यंत. मग कोणी थांबवा म्हणालं नाही. शाळेत 'आता नको' म्हणायला कोणीतरी घरचं माणूस लागतं, आणि घरचं माणूस मीच, रोज स्टाफच्या रांगेत हात जोडून उभी. तीन वर्षं झाली. ती सातवीची मुलं आता दहावीला आहेत. बाकीच्या शाळेतल्या निम्म्या मुलांनी त्याला पाहिलेलंही नाही.

सोनू म्हणून पाचवीत एक मुलगी आहे. दोन वेण्या, सतत काहीतरी विचारत असते. संतांचा सण यंदा सुट्टीत येत होता, म्हणून शाळेने सुट्टी लागण्याच्या दिवशीच मुलांचा संतांचा फॅन्सी ड्रेस ठेवला. वर्गात मी सांगितलं होतं की संत ओळखायचा तो त्याच्या हातातल्या वस्तूवरून. जोसेफच्या हातात लिलीची फुलं, पीटरच्या हातात किल्ल्या, लॉरेन्सच्या हातात ज्यावर त्याला भाजलं ती लोखंडी जाळी. पोरांना जाळी फार आवडली. "टीचर, मी जाळीवाला होणार!" म्हणून चौघांत भांडण झालं. एकाने तर स्वतःच्या आईची पापड भाजायची जाळी आणीन म्हणून शपथ घेतली.

तास संपता संपता सोनू टेबलापाशी आली आणि म्हणाली, "टीचर, मला वेगळा संत पाहिजे. क्लिफर्डच्या हातात काय असतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जोसेफ, अँथनी, क्लिफर्ड. एका श्वासात रोज म्हणतात ना. तिला वाटलं, तिसराही संतच.

मी सांगायला हवं होतं की बाळ, तो संत नाही. माझ्या तोंडून निघालं, "चष्मा." घंटा झाली आणि ती पळाली.

चष्म्याचं तुला काय सांगू. मुलं त्याचा चष्मा खडूच्या डब्यात लपवायची आणि हा दप्तराला "काय रे डिमेलो, सरळ बस" म्हणून दम द्यायचा. वर्ग हसून लोटपोट. मग हा म्हणायचा, "हसा गाढवांनो, गायला उभे राहा, मग सांगतो कोण कुठे लपलंय." आणि खरंच, डोळे मिटून आवाजावरून एकेकाला ओळखायचा. पण चष्म्याशिवाय त्याला दहा पावलं सरळ चालता येत नव्हतं. घरात उंबऱ्याला अडखळायचा. हे शाळेला माहीत होतं, गावाला माहीत होतं, तुला तर होतंच. आणि तो चष्मा पोलिसांना स्कूटरच्या डिकीत मिळाला. केसमध्ये नीट घडी घालून ठेवलेला, काचा पुसलेल्या. मी आणि तू दोघींनी तो पाहिला आणि एकमेकींकडे पाहिलं नाही. मागच्या तीन वर्षांत आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. कोणीच बोललं नाही. हरवला म्हटलं की लोक जपमाळेला येतात. दुसरं काही म्हटलं की लोक कसं, का, कोणामुळे ते विचारतात, आणि मला त्यातल्या एकाचंही उत्तर माहीत नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून तो घरात गायचा बंद झाला होता, एवढंच मला माहीत आहे. मला वाटलं, तुमचं लग्न ठरलंय, विचारात असेल.

आईने तो चष्मा घरच्या आल्तारावर संत अँथनीच्या पुतळ्यापाशी ठेवलाय. दर रविवारी मिस्साहून आली की पदराने काचा पुसते. मागच्या वर्षी मला म्हणाली, "इतक्या दिवसांत नंबर वाढला असेल गं. आला की आधी नवा करायला टाकू." मी हो म्हटलं.

तर फॅन्सी ड्रेसचा दिवस. लॉरेन्स तीन झाले, पापडाची जाळी खरंच आली. मग सोनू स्टेजवर आली. बाबांचा चौकड्यांचा शर्ट, घोट्यापर्यंत आलेला. बाकीची मुलं हातातली वस्तू उंच धरून दाखवत होती, तसा तिने एक जाड काळ्या फ्रेमचा चष्मा हातात धरला होता. घातला नव्हता. घडी घालून, तळहातावर. माईकमध्ये म्हणाली, "मी संत क्लिफर्ड सर. मी सुखरूप घरी येतो."

खालची लहान मुलं टाळ्या वाजवत होती. मागे दहावीचा वर्ग होता, तिथून एकही टाळी आली नाही. मग एक मुलगा उठून बाहेर गेला. एल्रॉय, ज्याला क्लिफर्ड 'माझा कोकीळ' म्हणायचा. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. सोनूची आई विनिता कार्यक्रम बघायला आली होती. तिला कोणीतरी कानात सांगितलं असावं. ती धावत माझ्याकडे आली, "मॅडम, सॉरी, आम्हाला खरंच माहीत नव्हतं, आजोबांचा चष्मा घेऊन गेली, मला वाटलं असतील कोणी संत." सोनू स्टेजवरून उतरून आली आणि तिने रडवेल्या तोंडाने विचारलं, "टीचर, माझं काय चुकलं?"

मी खाली बसले आणि तिला म्हटलं, "काही नाही चुकलं. तो संत नव्हता बाळ. माझा भाऊ होता."

होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. 'आहे' म्हणायला गेले असते तर त्या चष्म्यासमोर म्हणता आलं नसतं.

फादर युजीन माझ्या मागेच उभे होते. मुलं गेल्यावर त्यांनी मला ऑफिसमध्ये बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "बर्था टीचर, मी ते ऐकलं. सुट्टीनंतर कोणती प्रार्थना घेऊ?" मी म्हटलं, लोक विचारतील फादर, कसा गेला म्हणून. ते म्हणाले, "लोकांचं मी बघतो. मिस्सा मीच म्हणेन. तुम्ही फक्त सांगा." मी सांगितलं.

त्याच संध्याकाळी आईलाही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, की समुद्राने नाही नेलं, आज तू नेलंस. मग उठली, आल्तारावरचा चष्मा घेतला आणि उशीखाली ठेवला. तेव्हापासून तो तिथेच आहे. परवा मृतांच्या दिवशी ती दफनभूमीत आली नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी एकटीने कबर धुतली, झेंडू वाहिले. क्लिफर्डची मेणबत्ती कुठे लावायची ते कळेना, त्याला जागाच नाही. शेवटी बाबांच्याच मेणबत्तीशेजारी लावली. आजूबाजूच्या कबरींवरच्या माणसांनी दोन मेणबत्त्या पाहिल्या आणि आपापल्या फुलांत डोकी घातली. मिस्सात फादरनी मृतांच्या नावांत त्याचं नाव वाचलं. मागच्या बाकांवर हालचाल झाली, एक बाई खोकली, आणि ते पुढच्या नावावर गेले. बस, एवढंच झालं.

आता तुझ्या आईचं. ती आली होती ती भांडायला नव्हे, रडायला आली होती. निर्मळच्या ज्युलियसकडून तुला दोनदा लग्नाची विचारणा झाली, आणि तू दोन्ही वेळा एकच उत्तर दिलंस, की अख्खी शाळा त्याला रोज परत बोलावतेय आणि मी कशी दुसरीकडे बघू. तिने मला हेही सांगितलं की पुण्यात तू सकाळच्या ड्युटीवर असलीस तरी आपल्या असेंब्लीच्या वेळी वॉर्डच्या खिडकीशी जाऊन उभी राहतेस आणि आमच्याबरोबर नमो मरिये म्हणतेस. हे मला माहीत नव्हतं. मी तिला फाटकापर्यंत सोडून आले. त्यानंतर आठवड्याने सोनू स्टेजवर आली. ज्युलियसला हो म्हण असं मी सांगणार नाही, तो तुझा प्रश्न आहे. क्लिफर्डने घातलेली अंगठी परत करायचा विचारही मनात आणू नकोस. मी लिहितेय ते एवढ्यासाठीच, की येत्या सोमवारी शाळा उघडेल तेव्हा आम्ही त्याच्यासाठी चिरशांती मागणार आहोत, आणि त्याच वेळी तू तिकडे खिडकीशी एकटी उभी राहून त्याला घरी बोलावत राहशील, हे मला सहन होणार नाही. बोलवायला इथे आई आहे. तेवढी एक पुरे आहे, ब्रिटनी. तू खिडकीपासून बाजूला हो.

तुझीच,
बर्थाताई