ओवून ठेवलेल्या सुया

दि. १९ जानेवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात, बाकी घरी सगळं ठीक. छकुलीचा हलणारा दात पडला का?

एक प्रश्न विचारते, मला त्याचं उत्तर येत नाही. चार माणसं आपल्याला जपताहेत की टाळताहेत, हे ओळखायचं कसं? पदवीच्या परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात परत जायला लागून तीन आठवडे झाले. नऊ महिने गच्चीवरच्या खोलीत एकटीने काढल्यावर माणसांचं साधं बोलणंही मोठं वाटतं. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. "आली गं आमची ग्रॅज्युएट!" जागाही तीच मिळाली, पूर्वी तू बसायचीस ती, खिडकीजवळची. पण खिडकी आता सताड उघडी असते. भर थंडीत. का?

मग सुया. शिलाईच्या सुयांत दोरा ओवायचं काम तुझ्या वेळेसारखंच सगळ्यांत तरुण डोळ्यांचं, म्हणजे माझं. टोक ओठांत ओलं करायचं, ओवायचं, सुई पुढे द्यायची. आता मी पोचते तेव्हा सगळ्या सुया ओवून तयार! कुणी ओवल्या असं विचारलं, की साऱ्याजणींना एकदम कामं आठवतात.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी पाणी प्यायच्या पेल्याच्या बुडाशी पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा ठिपका लावला, तो पेला कुणी वेगळा ठेवतं का पाहायला. रोज फळीच्या टोकालाच सापडला. दाराआड उभी राहून बोलणी ऐकली. ज्यांना मी आजारापूर्वी जेवणाच्या सुट्टीत अक्षरं शिकवली, त्यांच्यावरच पाळत ठेवली.

गुरुवारी तासभर लवकर गेले. खळ शिजवणाऱ्या मोठ्या काकू, ज्यांना समोरचं धड दिसत नाही, दिव्याखाली सुई धरून बसल्या होत्या. दोरा चारदा चुकला. मी दारातूनच म्हटलं, "माझ्या थुंकीची भीती वाटते ना, काकू?"

दचकल्या. मग म्हणाल्या, "वाटते. मग?"

"मला टायफॉइड झाला होता. सांगितलं होतं ना?"

"नऊ महिने टायफॉइड? अगं, तेवढ्यात पोर होतं!" स्वतःच हसल्या, मग सुई खाली ठेवली. "तू खरं नाव सांगत नाहीस. मग किती भ्यायचं ते आम्हाला कळावं कसं? तुला तोंडावर 'नको' म्हणवत नाही, म्हणून ओवून ठेवते, झालं."

त्या चांगल्या आहेत की नुसत्या हुशार, हे मला अजून ठरवता येत नाही.

टायफॉइडचं नाव तू सुचवलंस. "आपल्या घरात क्षय, हे माझ्या सासरी कळलं तर?" म्हणालीस, आणि मी मान डोलावली. तुला दोष देत नाही. तोंड माझं होतं. फळ्यावर 'खरे बोलावे' लिहून त्यांच्याकडून गिरवून घेणारीही मीच.

काल जेवणाच्या सुट्टीत मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. क्षय झाला होता. औषधं पूर्ण झाली, आता माझ्यापासून कुणाला धोका नाही, हा डॉक्टरांचा कागद. त्यांनी तो एकेक अक्षर लावत वाचला. दोघी उठून लांब बसल्या. मोठ्या काकूंनी विचारलं, "औषधाने उलट्या व्हायच्या का गं?" बाकीच्या माझ्याकडे न बघता जेवत राहिल्या. उद्या माझ्या शेजारी कोण बसेल, सांगता येत नाही.

उठून गेलेल्यांपैकी एक तुझ्या नणंदेच्या शेजारी राहते. म्हणजे हे पत्र पोचण्याआधीच बातमी तुझ्या दारात असेल. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

रागावलीस तरी तुझीच,
धाकटी