टेप पूर्ण चालू द्यावी लागते

१४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

माझ्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर हलत नाही. आई गेली तेव्हाही मी खाटेवर आणि आजही खाटेवरच. निदान शेवटच्या आठवड्यात तू तिचं जे शूटिंग केलंस ते तरी बघू दे, म्हणून किती वेळा कळवलं! एवढा नावाजलेला शूटिंगवाला तू, आणि सख्ख्या बहिणीला एक कॉपी मिळत नाही?

हार्ड डिस्कचा नवाकोरा कॅमेरा घरात असताना तुला आईसाठी तो जुना टेपवालाच सुचला. हट्टीपणात तू तिच्यावर गेलास. डिस्कवर असतं तर वायर जोडून चहा होईपर्यंत काम फत्ते झालं असतं. आता टाळाटाळ पुरे. मी चिडलेय, पण माया तीच आहे. तुझीही असेल असं धरून चालते.

तुझी ढमी

२२ जून

चि. ढमीस अनेक आशीर्वाद.

रागाव, तुझा हक्कच आहे. चित्र दोन्हींत सारखंच स्वच्छ येतं. पण डिस्क भरली की पुढच्या कामासाठी रिकामी करावी लागते. आईला मी पुसायच्या जागी ठेवणार नव्हतो. टेप कशी, कपाटात राहते.

फक्त तिची कॉपी घाईने होत नाही. जेवढं शूटिंग तेवढा वेळ टेप चालू द्यावी लागते. दोनदा बसलो. आई शेजारणीची नक्कल करते तोवर ठीक असतं. मग तिला धाप लागते आणि ती विचारते, ढमीचा पाय फार दुखतो का रे. तिथे माझा हात बटणावर जातो. मशीन चालू ठेवून बाहेर बस, म्हणशील. तेही करून पाहिलं. पण आत आई एकटीच बोलतेय आणि मी बाहेर बसलोय, हे सहन होईना.

म्हणून मूळ टेपच पाठवतोय, सोबत जुना कॅमेराही. टीव्हीला जोडायचं जावईबापूंना जमेल. दुसरी प्रत नाही, जिवापाड जप. मी काही शेवटपर्यंत पाहू शकलेलो नाही.

पायाला आराम दे, आणि भावावर रुसवा धरू नकोस.

तुझा दादा

१५ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

टेप पोचली, सगळी पाहिली. कॅमेरा हलवू नकोस म्हणून आई तुला दरडावते, तिथे मी हसले आणि मग जे रडू आलं ते थांबेचना. बोलता बोलता तिचा डोळा लागला. तू कॅमेरा बंद करायला विसरलास, दादा. टेप संपेपर्यंत तो चालूच राहिला.

तू समोर आलास. तिचं पांघरूण सारखं केलंस, श्वास चाललाय ना ते वाकून पाहिलंस आणि पलंगाशी खाली बसलास. आपल्या घरच्या एकाही शूटिंगमध्ये तू नाहीस, कायम कॅमेऱ्यामागे. सगळे म्हणत होते, दादा खंबीर आहे, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मीही तेच खरं मानलं आणि कॉपीसाठी तुझा जीव खाल्ला. इथे तू पांघरुणात तोंड खुपसून रडतोयस. झोपलेल्या आईला विचारतोयस, आई, तू गेल्यावर मी कामावर निघताना ‘घरी कधी येशील’ म्हणून मला कोण विचारणार.

तिला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

प्लास्टर काल निघालं. रविवारी काठी टेकत का होईना, मी येतेय. किल्ली शेजारी ठेव, तुला शूटिंग असेलच. फक्त एवढं कळव दादा, घरी कधी येशील?

तुझी ढमी