तीन प्रती, एक पेटी

३ जून
विद्यापीठाचं फर्मान. प्रत्येक प्राध्यापकाने आपला पीएच.डी.चा प्रबंध तीस तारखेच्या आत रिपॉझिटरीत टाकायचा. म्हणजे जगातल्या कुणालाही तो घरबसल्या वाचता येणार. न टाकणाऱ्याचा प्रमोशनचा अर्ज बाद. गोगलगायींच्या चालीवर सात वर्षं मी घासली, आणि आता वाटेल त्याने उचलायची? पण यंदा प्रमोशन माझंच आहे, म्हणून गप्प.

५ जून
आजच टाकणार होतो. पण घाई नडते. ग्रंथपालबाईंना विचारलं, पासवर्ड लावता येईल का. त्या म्हणाल्या, सर, खुलं म्हणजे खुलं. बाई चांगल्या आहेत, दूरदृष्टी तेवढी नाही. ग्रंथालयाची प्रत अठरा वर्षांपूर्वी मी घरी नेली, तिचं काय झालं, असंही विचारत होत्या. सुरक्षित आहे म्हटलं.

११ जून
मी उगाच संशयी नाही. माझीच एक विद्यार्थिनी ग्रंथालयात माझ्या प्रबंधाची झेरॉक्स काढताना रंगेहाथ सापडली होती. मशीनवरून ओढून घेतला. (ती आता आमच्याच विभागात शिकवते. मनातल्या मनात मी तिला झेरॉक्सबाई म्हणतो.) त्याच दिवशी माझी, गाइडची आणि ग्रंथालयाची, अशा तिन्ही प्रती एका लोखंडी पेटीत घालून माळ्यावर टाकल्या. टायपिस्टच्या कॉम्प्युटरवरची फाइलसुद्धा समोर उभं राहून पुसायला लावली. याला म्हणतात जतन.

१८ जून, सकाळी ९
सोमवारपासून स्कॅनिंग. नक्की.

२४ जून
सोमवारी पाठ धरली. मंगळवारपासून किल्ली सापडत नाही. बायको म्हणाली, अठरा वर्षांत त्या पेटीकडे ढुंकून पाहिलेलं नाही, कुलूप तोडून बघा तरी. कुलूप तोडायचं तर लावलं कशाला?

२७ जून, दुपारी
कुलूप तोडलं. पेटीचं बूड गंजलेलं. वाळवी. तिन्ही प्रती.
माझा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखेर कुणीतरी संपवला. बायको केरसुणी घेऊन आली आणि माझी सात वर्षं सुपलीत भरून घेऊन गेली. तेच जास्त लागलं.

२८ जून, सकाळी ११
ग्रंथपालबाई म्हणाल्या, मॅडमकडे तेव्हाची झेरॉक्स असेल, विचारून बघा. मॅडम म्हणजे झेरॉक्सबाई. मरेन, पण तिच्या दारात जाणार नाही.

दुपारी ४
गेलो. चिडली नाही. कपाटातून फाइल काढली. पानं पिवळी, समासात पेन्सिलीने बारीक टिपणं. म्हणाली, सर, यावरूनच मला माझा विषय सुचला. तिचा प्रबंध केव्हाच रिपॉझिटरीत आहे, नऊशे लोकांनी वाचलाय, आणि आभारात पहिलं नाव माझं. मी तो कधी उघडलाच नव्हता. लाज वाटली. पण काम झालं.

२९ जून
तिने स्वतः स्कॅन करून दिलं. पान एक ते एकशे बारा. माझा प्रबंध दोनशे चाळीस पानांचा. बाकीची पानं कुठे, म्हणून विचारलं. म्हणाली, सर, तेवढ्यात तुम्ही आलात.

३० जून
अर्ज परत. शेरा: प्रबंध अपूर्ण.
संध्याकाळी तिचा प्रबंध उघडला. पासवर्ड कुणी विचारला नाही.