यमूने सोडलेले बोट

कल्याण, कार्तिक वद्य षष्ठी, दिवेलागण

कचेरीतून परतताना मुलींच्या शाळेत गेलो. मास्तरांनी निरोप धाडला होता. म्हणाले, "भाऊराव, बाकीच्या मुली आठवडाभर रडल्या आणि मग रुळल्या. तुमची यमू एकदाही रडली नाही. महिना झाला, कुणाशी बोलतही नाही. घरी ती कुणाला बिलगते?"

वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलीला जवळ घेणे आमच्या घरात निर्लज्जपणा समजतात. तिची आईही सासूसमोर तिला हाक मारते ती कामापुरती. सहा वर्षांत मी यमूला कितीदा उचलले? एकदाच, गोवर आला होता तेव्हा. तेही अण्णा, माझे वडील, परगावी होते म्हणून.

येताना तळ्याच्या काठी तिने आपण होऊन माझे बोट धरले. शाळेत का बोलत नाहीस, हे मी कोणत्या तोंडाने विचारणार? बोट मात्र तिने घट्ट धरले होते, पार घामेजले होते.

पुढच्या वळणावरून आमची ओसरी दिसते. या वेळी अण्णा तिथे बसलेले असतात. आज बोट सोडवून घ्यायचे नाही, असे मी ठरवत होतो. खरेच ठरवत होतो का?

वळण यायच्या आधीच यमूने बोट सोडले आणि दहा पावले मागे राहून चालू लागली. तिला हे कुणी सांगितले नव्हते.

आणि मला हायसे वाटले.