सुनंदाचं स्वेटर

गुरुवार, संध्याकाळ

या उन्हात सुनंदा स्वेटर घालून बसायची आणि मी तिच्यावर ओरडायची, "नाटकं करू नको!" काऊन ओरडली मी?

माझी धाकटी बहीण. मनाच्या आजारासाठी नऊ वर्षांपासून लिथियमची गोळी घेते, एक दिवस चुकवत नाही. गेले काही महिने नुसती झोपून असते, केस गळतात, चेहरा सुजल्यासारखा. मला वाटलं, जुनी उदासी परत आली. रोज मागे लागायची, ऊठ, फिर, मन रमव.

आज वर्ध्याला डॉक्टरांनी आधी तिच्या स्वेटरकडेच पाहिलं, मग रिपोर्टकडे. थायरॉईड मंदावलंय. लिथियमनं तसं होऊ शकतं, आणि मग उन्हातही थंडी वाजते, झोप येते, चेहरा सुजतो.

"याआधी रक्त कधी तपासलं होतं?"

दर सहा महिन्यांनी तपासायचं, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ती बरी दिसत होती, म्हणून मीच टाळत गेले. आणि स्वेटर डोळ्यांसमोर असूनही...

"मग लिथियम बंद करायचं का?" मी घाबरून विचारलं.

"स्वतःहून अजिबात नाही. सोबत थायरॉईडची गोळी सुरू करू. वाटेल बरं."

आर्वीच्या बसमध्ये सुनंदा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ताई, मले वाटून राह्यलं होतं, मीच आतून हरली."

"नाई गं, बाई."

एवढंच बोलले. चूक माझी होती, हे घर येईपर्यंत तोंडातून निघालं नाही. स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजताहेत. वही इथेच ठेवते. आत्ताच जाऊन सांगते तिला.