राजाचा कोट

देवळी, गणेश चतुर्थी, १९७९

तीर्थरूप किसनकाकाजी,

तुमाले जाऊन वर्ष झालं. हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू, मले समजत नाई.

आपल्या नाटकात मी इराणचा राजा झर्क्सीस होतो अन् तुमी त्याचे काका. राजाले सपनात एक उंच माणूस ‘ग्रीकांवर चालून जा’ म्हणते. काका मानत नाई. तवा राजा त्याले आपला कोट घालून आपल्या पलंगावर झोपाले लावते, अन् त्यालेही तोच माणूस दिसते.

पुरातून डोंग्यानं वर्धा नदी पार करून पलीकडची नाटकाची स्पर्धा जिंकाचीच, असा माया हट्ट होता. पुराचं आतून मलेही भेव होतं. तुमी नाई म्हटलं, म्हणून मी सांगतलं, ‘तो उंच माणूस माया सपनात येते, पार कर म्हणते.’ तुमी हासत माया नाटकातला जरीचा कोट घातला अन् भरदुपारी माया खाटेवर झोपले.

उठले तवा हासत नोते.

‘आलता तो उंच माणूस. त्यानं मले तानबा म्हणून हाक मारली. चाल, निंगू.’

कोट तुमी काढलाच नाई. डोंगा उलटला. सारे पाण्यातून जिते निंगाले, तुमी तेवढे नाई.

काकाजी, मले सपन पडलंच नोतं. मग मले बोलवाले आलता तो कोण होता?

तुमच्या जागी उरलेला,
तानबा