गाळलेलं वाक्य

घाटंजी,
बुधवार, २९ एप्रिल २०२६

चि. अर्पिता,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. ऊन चव्वेचाळीसच्या वर गेलंय. कूलरची मोटर जळाली होती, ती भरून आणली. तुझ्या खुशीच्या शाळेला सुट्ट्या लागल्या. दिवसभर तुझ्या आईच्या मागे मागे असते. नागपूरच्या दवाखान्यात तुझ्या ड्युट्या कशा चालल्या आहेत ते कळव. पंधरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. फोनवर मी भाषण करतो असं तुझं म्हणणं, म्हणून लिहितो आहे.

भीमजयंतीच्या सभेतला व्हिडिओ तू पाहिलास, हे तुझ्या आईनं सांगितलं. त्यात मी म्हणालो, "पाच वर्षांच्या माझ्या नातीला मिशनच्या शाळेनं गुडघ्यावर बसवलं आणि दुसऱ्याचे पाय धुवायला लावले." मैदान उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी आपली शंभरेक पोरं शाळेच्या फाटकावर गेली. मला त्यांचा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो.

पायांचं तुला ठाऊक आहे. मुकुटबनला मालकाच्या पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालताना मी माझ्या आईला पाहिलं, तेव्हा मी खुशीएवढाच होतो. पुढे कपाटं भरतील इतकी पुस्तकं वाचली, पण माझं प्रत्येक भाषण त्या अंगणातूनच निघालं. गुडघे टेकण्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. देवापुढे नाही, मालकापुढे तर नाहीच.

पण ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी वर्गात काय झालं, ते खुशीनं त्याच दुपारी, दप्तर काढता काढता मला सांगितलं होतं. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट उर्वशी टीचरनं सांगितली. मग टबात पाणी घेतलं, मुलांच्या जोड्या लावल्या. खुशीची जोडी नयनशी. नयन म्हणजे साठ एकरवाल्या नानाजींचा नातू.

"नयननं आधी माह्ये पाय धुतले, आबाजी. मले गुदगुल्या झाल्या. मंग मी त्याचे धुतले. मंग टीचरनं सगळ्याइचे."

यातलं मधलं तेवढं मी उचललं. विसरलो नव्हतो, अर्पिता. भाषणाचे मुद्दे काढताना नयनचं वाक्य मी कागदावर घेतलंही होतं. त्या वाक्यानं भाषणाची धार जात होती, म्हणून खोडलं. ज्या गोष्टीसाठी चाळीस वर्षं घसा कोरडा केला, ती त्या टबाशी घडली होती. आणि ती मीच खोडली.

उर्वशी टीचरला शाळेच्या संस्थेनं आता जूनपासून येऊ नका म्हणून सांगितलं आहे. लेखी पत्र शनिवारी निघेल. काल मी त्यांच्या घरी गेलो. तिची आई रुपीबाई दारातच म्हणाली, "या, भाषणवाले. आता काय उरलं बोलाचं?" टीचरनं मात्र खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी विचारलं, "नयनचं तुम्ही संस्थेला का नाही सांगितलं?"

"सर, त्याच्या घरी समजलं त बदडतील त्याले. कोणत्या तोंडानं त्याचं नाव घेऊ?"

स्वतःची नोकरी जाते आहे आणि ती एका पोराची पाठ वाचवते आहे.

आज सकाळी खुशीला सहज विचारावं तसं विचारलं, कुणाचं चुकलं तर तुमच्या वर्गात काय करतात?

"टीचर म्हंते, जिथं सांडलं तिथंच पुसाचं."

"आणि शाळेला चिठ्ठी लिहून दिली तर?"

ती म्हणाली, "तुमी त माइकवर सांडलं ना, आबाजी."

परवा बुद्धपौर्णिमा. तेच मैदान, तोच माइक. पाच ओळी लिहिल्या आहेत, त्यात नयनचं नाव नाही. विकला गेला म्हणतील, ते ऐकून घेईन. भीती वेगळीच आहे. खालून कुणी ओरडेल, "कोणतं पोरगं ते, सांगा." आजवर समोरच्याला उत्तर दिल्याशिवाय मी माइक सोडलेला नाही. परवा मला गप्प राहता आलं पाहिजे. येईल का, ते खरंच सांगता येत नाही. आणि खुशी पहिल्या रांगेत बसायचं म्हणते आहे. तिनंच नाव घेतलं तर? तिला खोटं बोल म्हणून मी कसं शिकवू? तू आलीस तर ती तुझ्या मांडीवर बसेल. सुट्टी मिळते का बघ.

सकाळपासून पाच ओळी म्हणून पाहतो आहे. पहिलीवरच आवाज बसतो. म्हणून ती आधी तुझ्यापाशी लिहितो:

माझ्या नातीचे पाय आधी धुतले गेले होते, आणि ते मला माहीत होतं.

तुझा,
बाबा